अरवलीतल्या हातपंपावरची वीस मिनिटं

आधीच सांगतो, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना हसत वाचलेत... त्याबद्दल माफ करा. मुळात मी बोलणारा माणूस नाही. पण हे आता पोटात ठेवायचं नाही असं ठरवलंय.

आम्ही गाझियाबादला राहतो. गेल्या फेब्रुवारीत जोडून सुट्टी आली तेव्हा मी मनाली म्हणालो, तर मुलगी ईरा उखडलीच. "बाबा, तीन दिवसांसाठी हजार किलोमीटर धूर सोडत जायचं? बिल्कुल नाही. जवळच जाऊ ना यार." तिनं सोहनाच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी एक इको-स्टे शोधला. मातीच्या चार खोल्या, एसी नाही, पाणी अंगणातल्या हातपंपाचं. आणि पाहुण्यांनी रोज थोडं काम करायचं, ही तिथली रीत. मालक राठीजी, साठीचे. मी कपाळाला आठ्या घातल्या तर म्हणाले, "भाईसाहब, होटल में लोग पैसे देकर थकते हैं, यहाँ काम करके सुस्ताओ!" ईराला तर ते फारच आवडले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एका भिंतीला चुना लावायचं काम आलं. राठीजींनी बजावलं होतं, "कल का भिगोया हुआ ही लेना. नए डलों को हाथ मत लगाना." मग ते बायको-ईरासकट सगळ्यांना तळ्यावरचे पक्षी दाखवायला घेऊन गेले. स्वयंपाकाच्या बाई गावात गेलेल्या. दुपारचे बारा... आवारात मी एकटा.

भिजवलेला चुना संपला, हातभर भिंत उरली. म्हटलं, येईपर्यंत पुरी करून दाखवू. पिंपात कळीच्या चुन्याचे ते नवे खडे टाकले, वर बादलीभर पाणी ओतलं आणि वाकून बघायला गेलो.

खदखदून जे उडालं ते थेट दोन्ही डोळ्यांत.

ती आग मला लिहिता येणार नाही. आंधळ्यासारखा चाचपडत, दोनदा पडत पंपापर्यंत गेलो. हातपंप ज्यांनी वापरलाय त्यांना कळेल – दांडा मारायचा तर तोंड धारेखाली जात नाही, आणि धारेखाली जायचं तर दांडा सुटतो. ओंजळीत चार थेंब येत होते. "कोई है?" ओरडलो. आता डोळे गेले, हे मला स्वच्छ कळलं होतं.

आणि दांडा करकरला. धार सुरू झाली.

मी डोकं खाली घातलं. "भैया, रुकना मत," म्हणत राहिलो. भैया बोलला नाही, थांबलाही नाही. एकसारखा, न दमता पंप चालू. किती तरी वेळानं थंडीनं दात वाजायला लागले तेव्हा मी डोकं वर काढत मराठीतच म्हणालो, "बस, झालं." तर मानेवर एक हात पडला आणि त्यानं मला परत धारेखाली दाबलं... पंप चालूच. तो दांडा एका हातानं हलत नाही. नंतर मी करून पाहिलंय.

गेटपाशी ईराची हाक ऐकू आली आणि पाणी थांबलं. "बाबा, काय झालं? एकटेच काय करताय?" अंगणात कुणीच नव्हतं, हे तिनं शपथेवर सांगितलंय.

गुडगावच्या डॉक्टर तपासून म्हणाल्या, "कम से कम बीस मिनट किसी ने पानी डाला है. वरना आँखें नहीं बचतीं." दोन्ही डोळे शाबूत आहेत.

आता जे तोवर कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते. सात वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ, फौजेतून निवृत्त झालेला दादा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आला होता. मीच बोलावलं होतं. त्याचा हात थरथरायचा, दर दोन तासांनी थेंब मीच घालायचे होते. बायको-ईरा पुण्याला. आणि मी "ऑफिसचं अर्जंट काम, जयपूर" असं सांगून दोन दिवस मित्रांबरोबर रिसॉर्टवर पोहत होतो. थेंब घालायला कामवालीला सांगितलं होतं. ती आलीच नाही. इन्फेक्शन झालं, दादाचा तो डोळा गेला. "अरे, एक आहे की," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर मी गावी त्याच्याकडे जाणंच टाळलं; तीन वर्षांपूर्वी तो तिथेच वारला. मी दिवसांना गेलो तेवढंच, पुन्हा गेलो नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर साताऱ्याला वहिनींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना ठाऊक होतं. तुमच्या केसांना पोहायच्या टाकीचा वास येत होता म्हणे."

"मग बोलला का नाही कधी?"

"म्हणाले, बोललो तर लाजंनं यायचं बंद करंल. न बोलताच बंद केलंत की हो तुम्ही!"

मी रडलो. फोनवर, मोठ्यानं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

पंप कोणी मारला, मला माहीत नाही. वाटेवरचा कुणी दयाळू माणूस असेल, तर तो गेला कुठून? मानेवरचा हात ओळखीचा होता, असंही मी म्हणणार नाही. इतकी थंडी वाजत होती की हात कुणाचा हे कळण्याच्या स्थितीत मी नव्हतो. ज्याचा कुणाचा असेल, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

शनिवारी गावी निघालोय. वहिनींनी विचारलं, "किती दिवस राहणार?"

म्हटलं, "तुम्ही हाकलेपर्यंत."