सोलांजचा कोरा नमुना

सोलांज रूव्हेच्या हाताखाली जो रडला नाही, त्याला फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेरांच्या त्या प्रयोगशाळेत कुणी शिकलेला मानत नसे. ती प्राध्यापक नव्हती, डॉक्टरही नव्हती. सत्तावीस वर्षं ती ज्वालामुखीचे दगड आम्लात विरघळवत आली होती. कुठला लाव्हा किती खोलातून आला हे साहेब लोक मोठमोठ्या सभांत सांगत, पण ज्या आकड्यांवरून सांगत ते सोलांजच्या हाताखालून गेलेले असत. दगडात शिसं असतं ते चिमटीतही येणार नाही इतकं थोडं. त्या शिशाची हलकी-जड भावंडं, म्हणजे समस्थानिकं, कुठल्या प्रमाणात आहेत हे मोजलं की दगडाचं मूळ कळतं. अट एकच, बाहेरचं शिसं त्यात मिसळता कामा नये. आणि शिसं तर सगळीकडे असतं, गाड्यांच्या धुरात, भिंतीच्या रंगात, माणसाच्या अंगावर.

त्यामुळे सोलांज नाकावर माशी बसू देत नसे. ओठ रंगवून आलेल्या मुलीला तिने दारातूनच घरी पाठवलं होतं. ऑरेली नावाच्या विद्यार्थिनीचा चार महिन्यांचा नमुना तिने एका शिंकेपायी मोरीत ओतला, आणि पोरगी रडायला लागली तेव्हा म्हणाली, "रडायचं तर बाहेर जाऊन रड. अश्रूंतही शिसं असतं." खरं सांगायचं तर तिला यात सुख वाटे. स्वच्छ माणसाला दुसऱ्याची घाण दिसली की जे सुख वाटतं, ते.

घर तिचं शांबेल नावाच्या खेड्यात होतं. वरच्या टेकडीवरची शिशाची खाण पहिल्या महायुद्धाआधीच बंद पडलेली. घरी नवरा आर्मां, गवंडीकाम करणारा, आणि मुलगा रेमी, सव्वीस वर्षांचा. रेमी चौथीत दोनदा बसला, मग मास्तरांनी त्याला मागच्या बाकावर नेलं आणि विसरून गेले. बुटाची नाडी बांधायला तो बाराव्या वर्षी शिकला, आणि शिकवताना सोलांजचा हात उगारलेलाच असे. लहानपणी माती खायचा म्हणून मार खाल्ला, जरा मोठा झाल्यावर पाढे येत नाहीत म्हणून. "आळशी आहेस. डोकं आहे, वापरत नाहीस," हे तिने त्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की कुणी नुसती हाक मारली तरी त्याचे खांदे पडत. त्याला एकच गोष्ट जमे, घरामागची भाजी. मुळे, गाजरं, बटाटे तो असे काढी की शेजारी मागून नेत. नखांत माती असायचीच, म्हणून जेवणाआधी तीनदा हात धुवायचे आणि दोन्ही तळवे आईला दाखवायचे, असा नियम होता.

शहाण्णवच्या मे महिन्यात कोरा नमुना बिघडला. कोरा नमुना म्हणजे दगड न घालताच सगळी क्रिया करायची आणि शेवटी किती शिसं निघतं ते पाहायचं. जे निघेल ती आपली घाण. नेहमीपेक्षा वीसपट निघाली. सोलांजने भांडी पुन्हा उकळली, आम्लं नवी काढली. घाण तेवढीच. तिचा संशय सरळ ऑरेलीवर गेला, आणि नुसतं बोलून दाखवण्यावर तिचं समाधान नव्हतं. ती प्रमुखाकडे गेली आणि म्हणाली, सगळ्यांचे केस तपासा, शिसं कुठून येतं ते शिसंच सांगेल.

प्रमुख म्हणजे तिबो मार्शसू. तो विद्यार्थी असताना सोलांजने त्याला सगळ्यांदेखत नखं घासायला लावली होती. त्याने हसून परवानगी दिली. नऊ जणांचे केस सोलांजने स्वतः विरघळवले, स्वतःचेसुद्धा, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की तपासणीत खोट होती.

शुक्रवारच्या बैठकीत तिबोने पडद्यावर आलेख लावला. आठ ठिपके एका घोळक्यात होते, गाड्यांच्या धुराच्या शिशापाशी. नववा त्यांच्यापासून लांब, भलत्याच एका ठिपक्याला चिकटून पडला होता, आणि बिघडलेले कोरे नमुने त्याच्याच दिशेला ओढल्यासारखे सरकले होते.

"मादाम रूव्हे," तिबो म्हणाला, "हा ठिपका कुणाचा, ओळखा पाहू."

सोलांजने ऑरेलीकडे पाहिलं.

"तुमचा आहे. आणि त्याला चिकटून बसलाय तो शांबेलच्या खाणीचा. माझ्या प्रबंधातला खनिजाचा तुकडा. तुम्हीच विरघळवून दिला होता मला, म्हणून तर आकडा खात्रीचा."

आधी ऑरेली हसली. मग सगळे हसले, आणि बराच वेळ हसले. सत्तावीस वर्षांचं उट्टं एका दुपारी निघत होतं, कुणाला घाई नव्हती. तिबोने विचारलं, घरी अलीकडे काही तोडफोड झाली का. एप्रिलमध्ये आर्मांने जुना गोठा पाडला होता, सोलांजने सांगितलं. तिबोने मान डोलावून सगळा उलगडा केला. खाणीचा टाकाऊ गाळ गावाने पूर्वी बांधकामाच्या चुन्यात कालवला, अंगणात पसरला, परसात टाकला. आता गोठ्याची धूळ तिच्या केसांत बसून टोपीखालून इथवर आली.

तिचा हात केसांकडे गेलेला पाहून तो जरा मवाळ झाला. "घाबरू नका. या वयात फारसं काही होत नाही. वाईट होतं ते लहान मुलांचं. माती तोंडात घालतात, शिसं डोक्यात जातं, आणि ते डोकं मग कायमचं मंद राहतं. तुमच्याकडे कुणी लहान नाही ना?"

"नाही," सोलांज म्हणाली.

सोमवारपासून तिने तळघरात दगड फोडायच्या यंत्रावर बसायचं, असं ठरलं. तिथे धुळीने काही बिघडत नाही. तिने ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

शनिवारी सकाळी तिने कपाटातून गोळ्यांची पत्र्याची डबी काढली. तीत रेमीचे दुधाचे दात होते. मारलं, बोललं, तरी दात जपले होते. एक दात घेऊन ती प्रयोगशाळेत गेली, दोनदा केस धुऊन, टोपीवर टोपी घालून. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी रेमीने याच दाताने मातीची ढेकळं चावली होती आणि तिने बोटं घालून ती बाहेर काढली होती, चापट मारून. दात आम्लात विरघळला. तिचे डोळे भरून आले तशी ती बाहेर येऊन उभी राहिली. नियम तिचाच होता.

रविवारी दुपारी मापनयंत्रावरच्या म्हाताऱ्या ल्यूसियांने तिच्यासाठी यंत्र लावलं. निम्मं आयुष्य त्याने तिची बोलणी खाल्ली होती, तरी तो आला. आकडे पाहून त्याने चष्मा पुसला.

"शांबेलच. शंका नको. आणि केवढं आहे गं! कुठला दगड हा?"

"दात आहे."

ल्यूसियांला रेमी माहीत होता. त्याने कागद फाडून तिच्या हातात दिला आणि यंत्र बंद केलं.

घरी पोचली तेव्हा रेमीने टेबल मांडून ठेवलं होतं. बशीत ताजे मुळे, शेजारी लोणी आणि मीठ, पाव कापलेला. आर्मां अजून यायचा होता. उद्या ही बाग उपटावी लागणार, आणि ते याला आपणच सांगायचं आहे, हे सोलांजला मुळे बघून कळलं. पाढे येत नव्हते म्हणून ज्या हातांवर तिने पट्टी मारली होती ते दोन्ही हात रेमीने पुढे केले होते, तळवे वर करून, नेहमीसारखे.

तिने ते आपल्या हातांत घेतले. असं तिने कधी केलं नव्हतं.

"स्वच्छ आहेत, बाळा," ती हळू आवाजात म्हणाली. "छान आहेत. बस, जेव."

रेमी बसला नाही. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचे खांदे पडले.

"मी काय केलं, आई?"

"काही नाही रे. तू काही नाही केलंस."

त्याला ते पटलं नाही. त्याने हात सोडवून घेतले आणि तो नळाशी जाऊन चौथ्यांदा हात धुऊ लागला.