मागाच्या खोलीतला उजेड

अक्का अंधारात माणसं ओळखायच्या. आवाजावरून तर कुणीही ओळखेल. पण गल्लीतले सगळे दिवे बंद असताना कुणी त्यांच्या ओट्यासमोर येऊन गप्प उभं राहिलं, तरी त्या म्हणायच्या, "बस की गं रझिया, उभी का? पाय दुखतोय न्हवं तुझा?" आणि रझियाभाभी खरोखरच एका पायावर भार देऊन उभ्या असायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं, म्हणजे ऐकलंच म्हणायला हवं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अक्का त्या वेळी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि तशाच म्हणाल्या, "सांगोल्यावाली पण आलीय. भ्यालीय जरा."

मी सांगोल्याकडची. घरी मेंढरं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे सोलापुरात आल्यावर बरेच दिवस मला बोलायचीच भीती वाटायची. भवानी पेठेत अक्कांच्या घराच्या मागच्या बाजूला एका माडीवर मी खोली घेतली होती. माझ्या खिडकीतून अक्कांचं परसदार आणि त्यांच्या मागाच्या खोलीचा झरोका दिसायचा. अक्कांचे मालक, सगळ्या गल्लीचे मामा, त्या खोलीत टॉवेल विणायचे. ते गेल्यावर बाकीचे माग भंगारात गेले, एक मात्र अक्कांनी ठेवला. त्याच्यावर अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं होतं. अक्का रोज त्याच्यावरची धूळ हातानं पुसायच्या. फडकं घेत नसत.

खर्चाला हातभार म्हणून मी एका योजनेचं काम घेतलं. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात शहरात विजेची मागणी फार वाढते. म्हणून अधूनमधून आदल्या दिवशी मोबाईलवर मेसेज यायचा: उद्या सात ते नऊ वापर कमी ठेवा. ज्या घराचा वापर त्या वेळात नेहमीपेक्षा उतरेल, त्याला बिलात सूट. कपडे धुणं, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळं दुपारी उरकून घ्यायचं. गल्लीतल्या घरांना हे समजावून सांगायचं काम माझं. मी दारात उभी राहून पाठ केलेलं बोलायचे आणि लोक अर्ध्यातच दार लावायचे.

अक्कांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. मग ओढणीला धरून मला घरोघरी घेऊन गेल्या. "पोरगी लाजती, म्हणून मी बोलते. दोन तास लाईट घालवायची, बाहेर येऊन बसायचं. टीव्हीतली बाई काय पळून जात न्हाय." रझियाभाभी म्हणाल्या, "अक्का, अंधेरे में चोर आया तो?" अक्का म्हणाल्या, "आला तर मीच त्याचं नाव सांगते की तुला." गल्ली हसली आणि तयार झाली.

मेसेजच्या दिवशी अक्का सातच्या आधी प्रत्येक दारावर थाप मारत जायच्या. "चला, घालवा!" एकेक खिडकी विझत जायची. कुठं फ्रिजची घरघर थांबायची, कुठं टीव्ही. इतकी शांतता मी शहरात कधी ऐकली नव्हती. सगळे ओट्यांवर येऊन बसायचे आणि त्या काळोखातून अक्का सरळ चालत यायच्या. कुणाच्या पायाला पाय नाही, गटारीच्या फरशीवर ठेच नाही. माझ्या आजोबांना अंधारात मेंढरू हाताला लागलं की कुठलं ते कळायचं, पण तेही काठी टेकत चालायचे. अक्का हात मोकळे सोडून चालायच्या. दिवसभर विड्या वळायच्या, त्यामुळे जवळ आल्या की फक्त विडीच्या पानाचा वास आधी यायचा. "रा, रा, कूर्चो," म्हणजे ये, ये, बस, असं तेलुगूत म्हणत त्या आपल्याच ओट्यावर सगळ्यांना बसवायच्या आणि शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचे तुकडे बरोबर ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायच्या.

बाकी वेळी अक्कांची एक सवय होती. त्यांचा चष्मा कायम हरवलेला असायचा. "वाच गं जरा, चष्मा कुटं ठेवलाय कुणाला ठाऊक." मोबाईलवरचा मेसेज मी वाचायचे, औषधाची चिठ्ठी मी वाचायचे. भाजीवाल्याकडे त्या मेथीची जुडी नाकाला लावून घ्यायच्या. माझ्याशी बोलताना माझ्याकडेच बघायच्या, पण कधी कधी त्यांची नजर माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे असायची, जणू माझ्या मागे अजून कुणी उभं आहे. मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

त्यांचा मुलगा व्यंकटेश सुरतेला मागावर होता. तो दर रविवारी फोन करायचा आणि अक्का फोन ठेवला की चिडायच्या. "चल म्हणतो सुरतेला. म्हणतो, अम्मा, तुला दिसंनासं झालं की एक दिवस पण ठेवणार न्हाय तितं. दिसंनासं झालं म्हणं! काय झालंय माझ्या डोळ्याला? हितं त्यांचा माग हाय. माग सोडून मी कुटं जाऊ?" हे त्या जरा मोठ्यानंच बोलायच्या, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं.

मग ती बिलाची गोष्ट झाली. पहिल्या बिलात सगळ्या गल्लीला थोडीफार सूट आली, अक्कांना नाही. उलट त्यांचा वापर सात ते नऊमध्येच वाढलेला. आमच्या वरच्या साहेबांनी मला विचारलं, "ही बाई फसवते का?" मला फार वाईट वाटलं. जिनं सगळ्यांचे दिवे बंद करवले, तिच्याच घरात वीज जळत होती. मी अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी सगळं बंद करून मगच बाहेर पडते. तूच ये आणि बघ." मेसेजच्या दिवशी गल्ली विझल्यावर मी पाहिलं. पुढची खोली, स्वयंपाकघर, सगळं काळोखात. मागाची खोली बंद असायची, तिकडं मी गेले नाही. फ्रिज त्यांच्याकडे नव्हताच.

पुढच्या मेसेजच्या दिवशी मला ताप होता, म्हणून मी ओट्यावर न जाता माझ्या खोलीतच बसले होते. गल्ली विझली. आणि मला खिडकीतून दिसलं, मागाच्या खोलीच्या झरोक्यात पांढरा उजेड होता. आवाज नाही, हालचाल नाही. पुढच्या बाजूनं अक्कांचं हसणं ऐकू येत होतं, म्हणजे त्या बाहेर सगळ्यांबरोबर बसलेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पांघरूण डोक्यावर घेतलं आणि पुन्हा पुन्हा बाहेर काढून बघत राहिले. बाहेरचे दिवे लागायला लागले तेव्हा तो उजेड विझला.

मी हे रझियाभाभींना सांगितलं, ती घाई झाली. त्या लगेच म्हणाल्या, "मामा है वो. काम अधूरा छोड के गए ना." मग ओट्यावर बसणारी माणसं कमी झाली. अक्कांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मला विचारलं, "खरं बघितलंस?" मी हो म्हणाले. मला वाटलं त्या रागावतील. उलट त्यांचा चेहरा असा उजळला की मला आणखीच भीती वाटली. "येत असतील. सातलाच यायचे ते मागावर. दिवसाच्या पाळीचा माणूस गेला की हे उभं राहायचे. आपण घालवल्यावर त्यांना लावावीच लागंल न्हवं लाईट?" त्या दिवसापासून त्या बिलातल्या सवलतीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मेसेजची वाट मात्र बघायच्या.

व्यंकटेश आला तो असाच एका मेसेजच्या दिवशी. मेसेज माझ्याकडून वाचून घेऊन अक्कांनीच त्याला सांगितलं होतं, उद्या दिवसाची गाडी घे, संध्याकाळी घरी पोच. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तो आला तेव्हा गल्ली काळोखात बुडालेली होती आणि अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरची बॅग न चाचपडता उतरवली, पाणी दिलं, पिठलं वाढलं. मी पण होते जेवायला. तो चांगला माणूस होता, दमलेला. म्हणाला, "अम्मा, मला तर ताट दिसंना. तू कसं करतीस?"

"मला दिसतंय की," अक्का म्हणाल्या. त्या आवाजात किती आनंद होता ते मला आजही आठवतं. "चल, तुझ्या वडलांचा माग दाखवते. हात धर माझा. सांगोल्यावाले, तू पण ये, भिऊ नको."

त्यांनी त्याचा हात धरला. मी त्याच्या शर्टाला धरून मागे चालले. "उंबरा हाय. हितं वाकायचं. आता भिंतीला धर." मधल्या बोळात अगदी काहीच दिसत नव्हतं. मग अक्कांनी मागाच्या खोलीचं दार ढकललं.

आत लख्ख उजेड होता. छतावरच्या चारही ट्यूब जळत होत्या. मागावरचं अर्धवट कापड, त्याचे निळे काठ, कोपऱ्यातली जळमटं, सगळं दिवसासारखं दिसत होतं. मामा नव्हते. मागापाशी वरून एक दोरी लोंबत होती आणि ती किंचित हलत होती. आम्ही दार उघडल्यानं वारा लागला असेल. अक्का त्या उजेडाच्या मधोमध उभ्या राहिल्या. डोळे टक्क उघडे. आमच्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "आज आले न्हाईत ते अजून. काय गच्च काळोख हाय बघ. पाय जपून टाक रे व्यंका. मी सांगते तसा टाक."

व्यंकटेशनं आईकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्यासमोर हळूच हात हलवला. त्या तशाच हसत होत्या. त्यानं माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. आणि मग तो त्या लख्ख उजेडात डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय अम्मा, काहीच दिसंना. तू सांग." अक्का सांगत गेल्या, डावीकडे सरक, हितं पेटी हाय, हा बघ त्यांचा हात लागून गुळगुळीत झालेला दांडा. तो त्यांनी सांगितलं तसा एकेक पाऊल टाकत गेला. मी दाराशी उभी होते. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचा आवाज मात्र अगदी सरळ होता.

नंतर त्यानंच मला परसदारी नेऊन सगळं समजावलं. ती दोरी मामांनी लावलेली होती, मागापासून न हलता दिवे लावता-घालवता यावेत म्हणून. एकदा ओढली की लागतात, पुन्हा ओढली की जातात. भिंतीवरचा खटका वर आहे की खाली, हे बोटाला कळतं. दोरीला वर-खाली नसतं. मामा गेल्यापासून ते दिवे बंदच असायचे, अक्कांना मात्र ते चालूच आहेत असं वाटायचं. अक्का मेसेजच्या दिवशी सातला जाऊन दिवे घालवायला म्हणून दोरी ओढायच्या, आणि दिवे लागायचे. नऊला लावायला म्हणून ओढायच्या, आणि जायचे. "पहिले पिवळे बल्ब होते तेव्हा डोकं तापायचं खाली उभं राहिलं की," तो म्हणाला. "अम्माला कळलं असतं. मागच्या दिवाळीला मीच ह्या नव्या ट्यूब लावल्या. गार असतात ह्या."

त्यानं अक्कांना दोरीचं सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही. फक्त चार दिवसांनी बॅग भरली आणि म्हणाला, "अम्मा, आता चल." अक्का भांडल्या नाहीत, हे मला सगळ्यात जास्त लागलं. रिक्षा दारात उभी असताना त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि कानाशी विचारलं, "खरं सांग पोरी. मी कुटं चुकले?"

"कुठंच नाही, अक्का," मी म्हणाले. त्यांची नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे होती. या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही.

घराला कुलूप आहे. व्यंकटेशनं मेन स्विच बंद करून किल्ली माझ्याकडे दिली आहे. मेसेज अजून येतात. आता दारांवर थापा मी मारते, तेवढं बोलायला मी शिकले. सगळं विझलं की माझ्या खोलीचा खटका मी डोळे मिटून बोटानं बघते, वर आहे की खाली. मग खिडकीत बसते. झरोका काळा असतो.

परवा अशाच वेळी अक्कांचा फोन आला. "आज मेसेजचा दिवस हाय का? गल्ली बसलीय का?" मग, "मागाच्या खोलीत बघ गं. लाईट हाय?"

खोटं बोलावं की काय, मला ठरवता येईना. मी म्हणाले, "नाही दिसत, अक्का."

"न्हायच दिसणार," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं. "हितं माझ्या खोलीत लावून ठेवते मी, रोज सातला. व्यंका वरडतो, कशाला जाळती म्हणून. पण सुरत त्यांनी कधी बघितलीच न्हाय की. अंधारात घर कसं सापडंल त्यांना?" मग फोन जरा लांब गेल्यासारखा झाला आणि अक्का दुसऱ्याच कुणाला तरी, अगदी हळू, म्हणाल्या, "रा, रा. कूर्चो."