आत्याला रक्त देणारा माणूस

आत्या गेली ती तीस वर्षांपूर्वी चढवलेल्या रक्तामुळं.

आज वर्ष झालं.

बावड्याची माझी सुमन आत्या. कुठलीही गोष्ट मुळापर्यंत विचारल्याशिवाय सोडायची नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बारामतीत ब्लड टेस्ट केली, तर रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस सी निघाला. लिव्हरचा आजार.

तिचा पहिला प्रश्न, "ह्यो आला कुठनं?"

डॉक्टर म्हणाले, "कधी रक्त चढवलं होतं?"

चढवलं होतं. धाकटीच्या बाळंतपणात. तेव्हा या व्हायरसची टेस्टच होत नव्हती.

घरात आम्ही सगळे चिडलो. आत्या मात्र आठवत बसली. दोन बाटल्या लागलेल्या. एक माझ्या वडिलांची. दुसरी, तिला दवाखान्यात नेणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरची.

वडिलांची टेस्ट केली. निगेटिव्ह.

राहिले ड्रायव्हर, इंदापूरचे महादूतात्या. आत्यानं चार जणांना विचारून पत्ता काढला आणि मला घेऊन एसटीनं निघाली. त्यांना काय काय सुनवायचं, ते मी वाटेत ठरवून ठेवलं होतं.

तात्यांच्या घरी चहा झाल्यावर तिनं रिपोर्ट पुढं ठेवला, सगळं सांगितलं.

तात्या खाली बघत म्हणाले, "म्हंजे म्या दिलेल्या रक्तातनं?"

"आसंल. सुईतनंबी येतो म्हनत्यात. नक्की कुनालाच सांगता येत न्हाय."

"मग मला कशापायी सांगाया आलात?"

"तुमच्यात आसंल तर तुमाला कळाय पायजे. मला उशीर झाला. तुमी लगीच तपासून घ्या."

"आन् निघालं तर?"

"गोळ्या हायत. तीन म्हैन्यांत जातो."

सुनवायचं ठरवलेलं सोडून मी तात्यांना टेस्ट कुठं करायची ते कागदावर लिहून दिलं.

निघालं. दोघांनी गोळ्यांचा कोर्स बरोबरच पूर्ण केला. दोघांचाही व्हायरस गेला. तात्यांचं लिव्हर शाबूत होतं. आत्याचं आधीच खराब झालेलं, पुढं तिथंच कॅन्सर झाला.

शेवटच्या महिन्यात तात्या भेटायला आले. पलंगाशी बसले. आत्यानं विचारलं,

"रक्त देताना भ्या वाटलं व्हतं का?"

"व्हय. पयल्यांदाच देत व्हतो. पर तुमी पार पांढऱ्याफटक पडला व्हता."

"बरं केलंत," ती म्हणाली. "दोनी पोरींची लग्नं बघितली. नातवंडं खेळवली."

तात्या टॉवेलनं डोळे पुसत बाहेर गेले.

मित्रांनो, घरात कुणाला जुन्या काळी रक्त चढवलं असेल तर एकदा टेस्ट करून घ्या.

सुमन आत्या, तुला मनापासून नमस्कार.