टँकरच्या रजेवरची सरजा

सरजा आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती, असं मी आजही म्हणणार नाही. बेरकी मात्र एक नंबरची. एक वेणी कायम सुटलेली, आणि तोंड असं की हणमंतराव गुरुजी तिला फळ्याकडं बोलवायच्या आधी दोनदा विचार करायचे. आता ती उदगीरला सासरी असते आणि मोंढ्यातले अडतेसुद्धा तिला टरकून असतात म्हणे. मला यात काही नवल वाटत नाही.

आम्ही सातवीत होतो तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब आले, जिपा आल्या, पाट्या रंगल्या. पाणी तेवढं यायचं राहून गेलं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाला दिवसाआड टँकर यायचा, तोही नेमका शाळेच्या वेळेत. म्हणून गुरुजींनी नियम केला होता. टँकरच्या रांगेत जाणाऱ्याला रजा, आणि त्या दिवशी चाचणी असली तर त्याची दुसऱ्या दिवशी घ्यायची. नियम दयाळू होता, पण गुरुजी आळशी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच्या तेच प्रश्न उमटायचे.

हे पहिल्यांदा हेरलं सरजानं. चाचणीच्या दिवशी ती हटकून रांगेत, आणि संध्याकाळी आमच्या अंगणात, मला हाका मारत.

"केवळे, काय काय आलतं गं?"

मी पडले पहिल्या नंबरची शहाणी. प्रश्न तर सांगायचेच, वर माझी उत्तरंही ऐकवायचे. ती ऐकून घ्यायची, त्यातल्या माझ्या चुका काढायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त आणायची. मला संताप यायचा, आणि पुढच्या वेळी मी परत सांगायचे. मूर्खपणाला काही औषध असतं का?

गोष्ट नुसत्या नंबराची नव्हती. गावात शाळा सातवीपर्यंतच. लातूरला मुलींचं नवं वसतिगृह निघालं होतं आणि चार चाचण्यांत जिला जास्त मार्क, तिचं एकटीचं नाव गुरुजी पाठवणार होते. बाकीच्यांना खुरपं आणि मग नवरा. तीन चाचण्या झाल्या तेव्हा सरजा माझ्या पाच मार्कांनी पुढं होती.

चौथ्या चाचणीला मीही घागर उचलली. रांगेत जाऊन बघते तर सगळा वर्ग तिथंच! एकोणीस पोरं, एकोणीस घागरी, आणि एकमेकांकडं बघायची कुणाची टाप नाही.

थोड्या वेळानं गुरुजी आले. काखेत हजेरीपट, हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिली. रिकाम्या वर्गाला शिकवून कंटाळले असावेत.

"लई तहान लागली व्हय रे सगळ्यांना?" त्यांनी तिथंच हजेरी घेतली, सगळ्यांना लिंबाखाली बसवलं आणि प्रश्न सांगायला लागले.

निम्मा पेपर झाला आणि टँकर आला. पोरं जागची हलली नाहीत, कारण सगळ्यांच्या आया रांगेत होत्याच. आमच्या घागरी नुसत्या शोभेच्या. सरजा तेवढी ताडकन उठली. तिची आई, धोंडाबाई, दिवाळीपासून कंबर मोडून अंथरुणाला खिळली होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

"उठलीस तर लिवलंय तेवढंच धरीन," गुरुजी म्हणाले.

सरजानं कागदावर दगड ठेवला आणि पळाली.

दोन घागरी घेऊन ती परतली तोवर कागद गोळा झाले होते. "गुरुजी, माझी उद्या घ्या की," ती म्हणाली. तिला अशी गयावया करताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"उद्याची चाचणी गैरहजर पोरांना. तू हजर हायीस," गुरुजींनी हजेरीपटावर बोट ठेवलं.

सरजानं माझ्याकडं बघितलं. प्रश्न ती माझ्याकडून घ्यायची, हे खरं. पण तिची प्रत्येक रजा खरी होती, हे वर्गात मला एकटीला ठाऊक होतं. मी नुसतं तोंड उघडलं असतं तरी गुरुजींनी ऐकलं असतं, माणूस वाईट नव्हता. मी खाली मान घालून पेन्सिलीचं टोक बघत बसले.

तीन मार्कांनी मी लातूरला गेले.