शिरगावच्या फ्लॅटची कॅमेऱ्याची बेल

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही किरटे आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढे या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात एकवीस वर्षे झाडलोट केली. आमचे साहेब लोक निवृत्त झाले की आपल्या केसच्या आठवणी लिहितात आणि त्या छापून येतात. माझे छापायला नको आहे. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षातली एक केस अजून डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते. नाव कोणाचेच लिहीत नाही.

शिरगावात एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर नवरा-बायको राहत. काका अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, काकूंचे गुडघे दुखायचे. एकुलता एक मुलगा दुबईला. आईला सारखे उठायला नको म्हणून त्याने दाराला कॅमेऱ्याची बेल बसवून घेतली आणि ती घरातल्या बाकीच्या यंत्रांना जोडून घेतली. बटण दाबले की हॉलमधला दिवा लागायचा, टेबलावरचा स्पीकरचा डबा बाईच्या आवाजात ‘दारात कोणीतरी आहे’ असे सांगायचा आणि दारातला चेहरा दुबईला मुलाच्या मोबाइलवर दिसायचा. तिथून त्याने बोट लावले की इथले कुलूप उघडायचे.

एके दिवशी काका-काकू सकाळी नऊला रक्त तपासायला गेले आणि साडेदहाला परत आले. जाताना काकूंनी गळ्यातली चेन काढून आरशापुढे ठेवली होती. संध्याकाळी बघतात तर चेन नाही. मुलाला फोन केला. त्याने बेलच्या रेकॉर्डमधले नऊ ते साडेदहा तपासले आणि एक तुकडा पाठवला. त्यात त्यांची कामवाली दारातून आत जाताना दिसत होती. वर वेळ होती नऊ चाळीस.

कामवाली बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून यायची. ती एकच सांगत होती, “मी अकराच्या पुढंच जाते. काकू घरातच होत्या.”

काकू म्हणाल्या, “अकराला आली हे खरंय. पण त्याआधी पण येऊन गेली असणार. मशीन कशाला खोटं बोलेल?”

काकांनी तिचा महिन्याचा साडेतीन हजार पगार अडवला. तिचा नवरा घाबरला. केस होऊ नये म्हणून त्याने कुठूनतरी चार हजार आणून काकांच्या हातात ठेवले. तिथेच ती जास्त अडकली. काकांनी ठाण्यात अर्ज दिला त्यात लिहिले, ‘चोरी केली नसती तर पैसे कशाला आणून दिले असते?’ मी ठाण्यात इतकी वर्षे बघितले आहे, गरीब माणूस भीतीने पैसे देतो आणि लोक त्यालाच कबुली समजतात.

आमचे फौजदार साहेब कडक, पण हात उचलणारे नव्हते. लगेच गुन्हा दाखल न करता त्यांनी तिला चौकशीला बोलावले. महिला शिपाई बंदोबस्ताला गेल्या की बाईमाणसाजवळ मला बसवत. तशी मी बसले होते. साहेबांनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

“ही तूच ना?”

“मीच आहे साहेब.”

“वेळ वाच.”

“मला वाचता नाय येत.”

“नऊ चाळीस. दार कुणी उघडलं?”

“बेल दाबली की आपोआप उघडतं. रोज तसंच.”

मुलाने फोनवर तेच सांगितले होते, की चेहरा ओळखीचा असला की मी सवयीने उघडतो, त्या दिवशीही उघडले असेल.

मोबाइल माझ्यासमोरच होता. सगळे तिचा चेहरा बघत होते. माझी नजर आपली लादीकडे गेली, धंद्याची सवय. व्हिडिओत दाराबाहेरची लादी ओली होती. लिफ्टपासून दारापर्यंत पोछ्याचे पट्टे स्पष्ट दिसत होते. पुसलेली लादी फार वेळ ओली राहत नाही.

ती बाहेर बाकावर बसली तेव्हा मी हळूच विचारले, “तुमच्या बिल्डिंगची लादी कोण पुसतं ग?”

“एक मामा आहे. आधी अंबरनाथची एक बिल्डिंग करतो, मग इकडे येतो. साडेदहाच्या आत कधी नाय. सेक्रेटरी रोज ओरडतो, वहीत सही घेतो त्याची.”

मला तेव्हाच कळले की नऊ चाळीसला ती लादी ओली असणार नाही. पण साहेबांसमोर बोलायची माझी हिंमत झाली नाही. एकवीस वर्षांत मी त्यांच्या खोलीत ‘पाय उचला साहेब’ याच्यापुढे काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला परत बोलावले, मी परत गप्प. तिसऱ्या दिवशी तिने सांगितले की सोसायटीतली बाकीची दोन घरेही सुटली. ठाण्यात जाणारी बाई नको म्हणतात. तेव्हा मी उठले.

हवालदार भाऊंना लादीचे सांगितले. ते हसले, “काय मावशी, फौजदाराच्या परीक्षेला बसताय का?” मग त्यांचे हसू थांबले. तसेच उठून साहेबांकडे गेले आणि मला हाक आली.

साहेबांनी तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. सोसायटीची सहीची वही मागवली. त्या दिवशी मामाची सही दहा चाळीसची होती. “लादी खरी, तर मग वेळ चुकीची,” म्हणत साहेबांनी दुबईला व्हिडिओ कॉल लावला.

“आत्ता तुमच्याकडे किती वाजले?”

“साडेदहा, सर.”

साहेबांनी मोबाइल भिंतीवरच्या घड्याळाकडे फिरवला. आमच्याकडे बारा वाजले होते.

मुलाने सगळे यंत्र आपल्याच मोबाइलवरून चालू करून घेतले होते. घराची जागा दुबई अशीच राहिली होती, म्हणून बेल दुबईची वेळ लिहीत होती. नऊ चाळीस म्हणजे इथले अकरा दहा. बाई खरेच बोलत होती.

“म्हणजे आईबाबा घरात नव्हते ती वेळ तुम्ही बघितलीच नाही,” साहेब म्हणाले. “साडेसात ते नऊ बघा. मी फोन ठेवत नाही.”

थोड्या वेळाने मुलाचा आवाज बारीक झाला. “सर, आठ दहाला बेल बसवणारा आलाय. आणि दार... मीच उघडलंय. ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. लक्षातच नाही राहिलं.”

बेल बसवणारा उल्हासनगर कॅम्प चारच्या एका दुकानातला होता. तिशीचा, अंगात स्वच्छ शर्ट. साहेबांनी त्याला चहा दिला. चेनचे नावच काढले नाही.

“ती बेलची वेळ चुकते रे. कशी नीट करायची?”

“सोपं आहे साहब. जगह बदलायची फक्त. इन्स्टॉल केली तेव्हा दुबईच राहून गेली.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“हां... म्हणजे, नंतर लक्षात आलं.”

“आणि त्या बाईला नऊ चाळीसवरून पकडलंय, हे पण माहीत होतं? त्या बिल्डिंगमध्ये आठवडाभर तुझं काम चालू होतं.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“मग दुबईच्या वेळेनेच विचारतो. आठ दहाला आत काय करत होतास?”

मग तो बोलला, “डब्याचा आवाज येत नव्हता, तो बघायला गेलो होतो साहब, कसम से. घरात कोई नहीं. सामनेच पडली होती.”

पंचनामा होऊन चेन त्याच्या घरातून मुद्देमाल म्हणून जमा झाली. काकूंना ती पुढे कोर्टाच्या हुकमाने मिळाली.

या केसने मला काय शिकवले? यंत्र खोटे बोलत नाही असे सगळे म्हणतात. त्या बेलने चेहरा खरा दाखवला, लादी खरी दाखवली, फक्त वेळ कुठली ते तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. पण खरे शिकले ते माझ्याबद्दल. मला पहिल्या दिवशी कळले होते. मी तीन दिवस लाजले आणि त्या तीन दिवसांत एका बाईची दोन घरे गेली. साहेबांनी मला शाबासकी दिली. ती मला नीट घेता आली नाही.

साहेबांनी काका आणि कामवाली दोघांना बोलावले. काकांनी खिशातून चार हजार काढून टेबलावर ठेवले. “चूक झाली आमची. घे.”

तिने पैसे उचलले नाहीत. “पगार?”

“अगं, तो पुढच्या वेळी देतो ना. मुलगा पाठवणार आहे.”

“महिनाभर भांडी घासलीत काका. पुढची वेळ नाय आता. मी तुमच्याकडे येणार नाय.”

काका साहेबांकडे बघू लागले. साहेब डायरी लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. शेवटी काका उठले, एटीएमवर गेले आणि साडेतीन हजार घेऊन आले. तिने सगळ्या नोटा एकत्र केल्या आणि बोट ओले करून दोनदा मोजल्या. मग माझ्या हातात दिल्या, “मावशी, तुम्ही पण बघा.” मी मोजल्या. साडेसात हजार पूर्ण होते. या वेळी मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले.