राखून ठेवलेला आवाज

मावशीच्या डोक्यात हवा गेलीय, असं आमच्या इमारतीत पक्कं ठरलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू नाकातून सूर काढत सगळ्यांना सांगायच्या, "अगंऽ, विद्यापीठानं सत्काराला बोलावलं काय, बाईंना आता आमच्याशी बोलायला जीभ उचलवत नाही! जिन्यात विचारलं, कशा आहात, तर नुसती मान. महाराणीच!" हा सूर मी इतका हुबेहूब लावते की काकूंचा कुत्रा शेपूट हलवत माझ्याकडे येतो.

नुसती मान हलवली हे खरं. बाकी सगळं झूट. मावशीच्या स्वरतंतूवर गाठ होती. सोमवारी ऑपरेशन. नंतर आवाज राहील का, असं विचारलं तर डॉक्टर पेनाचं टोपण काढत-लावत बसले. सत्कार त्याच्या आधीच्या शनिवारी. म्हणून बोलणं बंद, कुजबुजणंसुद्धा बंद. उरलासुरला आवाज तिनं त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. काही हवं असलं की फोनवर टाइप करून माझ्या नाकासमोर धरायची. जिच्या बातम्या लागल्या की लोक घड्याळं लावायचे, तिच्या घरात आता फक्त भांडी बोलत होती.

मावशी जिथे पत्रकारिता शिकली, त्या विद्यापीठाच्या संज्ञापन विभागाची रीत न्यारीच. नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांनी भाषण ठोकायचं नाही. स्टुडिओत काचेआड बसायचं आणि पहिल्या वर्षी जे बातमीपत्र वाचताना भंबेरी उडाली होती, तेच पुन्हा वाचायचं. सभागृहात सगळे ऐकणार. रेडिओवर वृत्तनिवेदिका झालेल्या मावशीचं वाचन शेवटी, मानाचं.

"मी वाचते ना," मी तिच्याच आवाजात म्हटलं. "शेजारच्या खोलीत दुसरा माईक आहे. तू नुसते ओठ हलव. फोनवर आजी फसते, तिथे हे कोण लागून गेले?"

"माकडतोंडे," तिनं टाइप केलं.

"अर्ध्यात आवाज गेला तर? सगळ्यांसमोर? तू फक्त चष्मा काढून ठेव, मी सुरू झालेच. आणि काढशीलच तू. लाव पैज!"

तिनं टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. मग फोन पुढे आला. "बस त्या खोलीत. मी चष्मा काढला नाही, तर माझा आवाज पुन्हा कधी काढायचा नाही. कुणासाठीही नाही. मी मागितला तरी नाही."

शनिवारी विभागप्रमुखांचं "म्हणजे, एका अर्थानं, आपण सर्वच, एका अर्थानं" बरंच चाललं. एक संपादक दुसऱ्याच ओळीला अडखळले, सभागृह खदखदलं. मग मावशी आत गेली. तंत्रज्ञ तिचा जुना वर्गमित्र, त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. मला दुसऱ्या माईकपुढे बसवून तो हळूच म्हणाला, "बोट बटणावर ठेव. पण दाबायला लावू नये देवानं."

लाल दिवा लागला.

पहिली बातमी तिच्या नेहमीच्या आवाजात. दुसरीत फरशीवरून खुर्ची ओढल्यासारखं काहीतरी खरखरलं. तिसरीत एका शब्दाच्या मधोमध भोक पडलं. कुणीतरी खोकलं, आणि मग कुणी खोकेना. काचेतून तिच्या गळ्याची शीर दिसत होती, दोरीसारखी ताणलेली.

तिचा हात चष्म्याकडे गेला. मी तोंड उघडलं.

तिनं चष्मा नाकावर वर सरकवला आणि पान उलटलं.

हवामानाची ओळ आली तेव्हा नुसता श्वास उरला होता. पण थांबायचं तिथे थांबून, जोर द्यायचा तिथे जोर देऊन तिनं तो श्वाससुद्धा शेवटपर्यंत वाचला. सभागृह पुढे वाकलं होतं. दिवा विझला. टाळ्या उशिरा सुरू झाल्या, घाबरत घाबरत. काय ऐकलं ते सगळ्यांना कळलं होतं.

परतताना टॅक्सीत तिनं फोन माझ्यासमोर धरला. "हरलीस."

"चीटिंग आहे ही," म्हणायला मी तोंड उघडलं, तर सवयीनं तिचाच सूर जिभेवर आला. मी तोंड मिटलं.