गोविंदराव आणि फुकटचा कोड

नुंगंबाक्कमच्या त्या ऑफिसात मी पाच वर्षं काढली. लिहिलेले प्रोग्रॅम विसरलो, पण जुने दोस्त भेटले की लायसन्सचे किस्से निघतातच. आणि लायसन्स तरी कसलं, तर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं!

आम्ही अंगठा लावून हजेरी घेणारं मशीन बनवायचो. त्यातला बराच कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणीतरी लिहून जगासाठी खुला ठेवलेला. आमचे साहेब शंकरन यांचं म्हणणं, फुकट आहे ना, मग घाला. पण एका परदेशी गिऱ्हाइकाने कुठला कोड कुठल्या अटीवर घेतलाय त्याची यादी मागितली, आणि साहेबांनी गोविंदरावांना आणलं.

गोविंदराव तंजावरकडचे मराठी. शहराबाहेर आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. तिथे कागदाशिवाय खिळाही बाहेर जात नसे. प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, पण लायसन्स ते ओळीवर बोट ठेवून वाचत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "फुकट आहे, पण मोकाट नाहीं."

*

यादीत एका फाइलपुढे मी बेधडक 'स्वतः लिहिली' असं लिहून दिलं होतं. गोविंदरावांनी प्रिंटआउट समोर धरला. कोडच्या मधे मधे टिपा होत्या, सगळ्या जर्मनमध्ये.

"तूं जर्मन कधीं शिकलास?" त्यांनी अगदी कौतुकानं विचारलं.

*

एका लायसन्सची अट होती, कोड आवडला तर लेखकाला आपल्या गावचं पोस्टकार्ड पाठवा. आम्ही हसलो. गोविंदराव मैलापूरला जाऊन तिथल्या देवळाच्या गोपुराचं कार्ड घेऊन आले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. महिन्याभरानं फिनलंडहून उत्तर आलं. वापरतात पुष्कळ, कार्ड पाठवणारी कंपनी तुमची पहिलीच. खाली प्रश्न होता, हे उंच रंगीत ऑफिस तुमचंच का?

*

मग मशीनच्या गाभ्यातच जीपीएल नावाच्या लायसन्सचा कोड निघाला. त्याची अट अशी की मशीन विकलं, तर त्यात मिसळलेला आपला कोडही मागेल त्याला द्यायचा. साहेब हादरले. मूळ लेखकांची नावं तेवढी पुसून टाक, मला म्हणाले, कोण बघतंय. तो कोड मीच घातला होता. नोकरी गेली असं धरून मी नाही म्हटलं. साहेब गोविंदरावांकडे वळले.

"नांवें खोडायला ठेवलें काय मला?"

साहेबांनी हात टेकले. मग म्हणाले, द्या. आम्ही कोड खुला केला.

*

वर्षभरानं गोविंदराव आवडीत नातीच्या शाळेत गेले. तिथे दुसऱ्याच कंपनीचं हजेरी मशीन, आणि स्क्रीनवर 'वेलकम'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ई गायब. ती चूक माझी होती, कोडासकट तिकडे गेलेली!

साहेब म्हणाले, कोर्टात खेचतो. गोविंदरावांनी समजावलं, घ्यायचा हक्क त्यांना आहे, तसा त्यांचा कोड मागायचा हक्क आपल्याला. पत्र गेलं. पंधरा दिवसांत सीडी आली. आत आमची सगळ्यांची नावं जागच्या जागी, आणि खाली त्यांनी वाढवलेला भाग, झिजलेल्या अंगठ्यांच्या रेषा वाचणारा. मजुरांचे अंगठे आमचं मशीन नाकारायचं, त्यावर आम्ही महिनोन्‌महिने डोकं फोडत होतो. तो भाग घालून पाहिला, तर गोविंदरावांचा जुना अंगठा मशीननं पहिल्या फटक्यात घेतला.

साहेबांनी त्या कंपनीला मैसूरपाकाचा डबा पाठवला, सोबत थँक्यूची चिठ्ठी.

उलट टपाली एकच इंग्रजी शब्द आला. वेलकम. शेवटचा ई नव्हता.